प्रश्न तुमचे: ॲस्ट्रोसाइट, कॅल्शियम आणि 'सूज' या शब्दाचा घोळ

गेल्या अंकात मेंदूतल्या आधारपेशींवर, म्हणजे ग्लियावर, थोडंसं लिहिलं होतं आणि त्यात एक वाक्य असं होतं की "ॲस्ट्रोसाइटमधलं कॅल्शियम बिघडलं की मेंदूत सूज येते". (ॲस्ट्रोसाइट हा ग्लियातलाच एक प्रकार.) चूक माझीच, एवढं मोठं प्रकरण एका वाक्यात कोंबायला नको होतं. त्यावरून इतकी पत्रं आली की हा सगळा अंक त्यालाच द्यावा लागतोय. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केलीत, नावं नेहमीप्रमाणे गाळलीत.

प्रश्न: ताई, तुमचं ते वाक्य वाचून धसकाच घेतला. आईला हाडांसाठी डॉक्टरांनी कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्यात, दोन वर्षं झाली. हल्ली ती बरंच विसरायला लागलीये. गोळ्या बंद करू का?

नका करू. निदान माझ्या त्या वाक्यावरून तर अजिबातच नका करू.

काय आहे ना, आपण कॅल्शियम हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत नि दातांत असतं. रक्तात जे उरतं ते एका डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम, आणि हा आकडा शरीर फार कडक सांभाळतं, पॅराथायरॉइडचं हार्मोन, डी व्हिटॅमिन, किडनी सगळे त्याच कामाला लागलेले असतात. गोळी घेतली म्हणून मेंदूतल्या पेशीत कॅल्शियमचा पूर आला असं होत नाही.

मी ज्या कॅल्शियमबद्दल लिहिलं होतं ते पेशीच्या आतलं. पेशीच्या बाहेर जेवढं कॅल्शियम असतं त्याच्या जवळजवळ दहा हजारावा भाग आतल्या पातळ द्रवात असतो, आणि हा फरक टिकवायला पेशी रात्रंदिवस पंप चालवते. म्हणूनच आत जरा जरी कॅल्शियम वाढलं तरी तो पेशीसाठी मोठा आवाज असतो, एकदम शांत खोलीत कोणी टाचणी पाडावी तसा. हा आवाज बहुतेक वेळा पेशीच्या आतल्याच साठ्यातून निघतो, त्याचा आईच्या गोळ्यांशी संबंध नाही.

मात्र एक गोष्ट करा. रक्तातलं कॅल्शियम खरंच खूप वाढलं, म्हणजे डी व्हिटॅमिनचा डोस भलताच झाला किंवा पॅराथायरॉइड ग्रंथीत काही निघालं, तर माणूस गोंधळतो, सुस्तावतो, विसरतो, ते खरं आहे. त्यासाठी एक साधी रक्ततपासणी असते. ती करताना बी१२ आणि थायरॉइडपण बघायला सांगा डॉक्टरांना, कारण विसराळूपणाची ही तीन कारणं औषधाने सुधारण्यासारखी असतात आणि नेमकी तीच बघायची राहून जातात.

प्रश्न: वडिलांचा एमआरआय झाला, डॉक्टर म्हणाले मेंदूला सूज वगैरे काही नाही. मग स्मृतिभ्रंशात मेंदूला सूज असते असं सगळीकडे लिहितात ते काय?

हा घोळ शब्दाचा आहे, आणि तो आपल्या मराठीने घातलाय. आपण पाय मुरगळून फुगला तरी सूज म्हणतो, हिरडी लाल झाली तरी सूज म्हणतो. डॉक्टरांसाठी या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे पाणी साचून भाग फुगणं. मेंदूत हे झालं तर ती इमर्जन्सी, कारण कवटीत जागाच नसते, आणि ते स्कॅनवर दिसतं. दुसरी म्हणजे दाह, इन्फ्लमेशन. पुस्तकी मराठीत दाह म्हणतात पण दाह म्हटलं की लोकांना भलतंच काही आठवतं, म्हणून आम्ही लिहिणारेसुद्धा परत सूज या शब्दावर येतो.

दाहाची जुनी चार लक्षणं, लाली, गरमी, फुगणं, दुखणं, ही रोमन काळापासून चालत आलीत. मेंदूतल्या संथ दाहात यातलं एकही दिसेलच असं नाही. मेंदूच्या स्वतःच्या मांसात दुखण्याच्या नसाच नाहीत. तिथे होतं काय, तर ग्लिया पेशी आपलं वागणं बदलतात, वेगळी जनुकं चालू करतात, आयएल-१, आयएल-६, टीएनएफ असली निरोपाची प्रथिनं बाहेर सोडतात आणि रोजची कामं अर्धवट टाकतात. नेहमीच्या एमआरआयवर हे दिसत नाही. म्हणजे तुमचे डॉक्टरही बरोबर आणि लिहिणारेही बरोबर. इथून पुढे मी पाण्याच्या सुजेला सूज आणि या दुसऱ्याला दाहच म्हणणार, कोणाला काहीही आठवो.

प्रश्न: ॲस्ट्रोसाइट म्हणजे न्यूरॉनला धरून ठेवणारा डिंक असं शाळेत शिकलो. डिंकाला कॅल्शियमचे निरोप कशाला लागतात? आणि निरोपातून दाह कसा होतो?

डिंक ही कल्पना रुडॉल्फ फिर्खो यांची, १८५६ ची, ग्लिया या ग्रीक शब्दाचा अर्थच चिकट पदार्थ. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं या पेशींकडे बहुतेकांनी दुर्लक्ष केलं कारण त्यांच्यात न्यूरॉनसारखे विजेचे ठोके उमटत नाहीत, इलेक्ट्रोड लावला तर सगळं गप्प. १९९० मध्ये डिशमध्ये वाढवलेल्या ॲस्ट्रोसाइटवर ग्लुटामेट, म्हणजे न्यूरॉन एकमेकांना निरोप द्यायला वापरतात ते रसायन, टाकून, कॅल्शियम लागलं की चमकणारा रंग वापरून बघितलं तेव्हा कळलं की या गप्प नाहीत, यांची भाषाच वेगळी आहे. (आणि हो, ग्लिया न्यूरॉनच्या दहापट असतात हेही शाळेतलंच, तेही सोडून द्या. मोजून पाहिलं तेव्हा माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज न्यूरॉन आणि जवळपास तेवढ्याच इतर पेशी निघाल्या.)

मी पहिल्यांदा पेशीपेशींतून जाणारी कॅल्शियमची लाट पाहिली ती अंधाऱ्या खोलीत, रात्री साडेनऊला, भूक लागलेली असताना. पडद्यावर करड्या रंगाचे डाग, हलत नाही काही. मधल्या एका पेशीला काचेच्या बारीक सुईने नुसतं टेकवलं, ती पेशी उजळली, मग सेकंद-दोन सेकंद काही नाही, मग शेजारची उजळली, मग तिच्या पलीकडच्या दोन, असं करत करत गोल पसरत गेलं आणि कडेला जाऊन विझलं. वेग म्हणाल तर सेकंदाला मिलिमीटरचा पन्नासावा-शंभरावा भाग. न्यूरॉनचा सगळ्यात वेगवान निरोप सेकंदाला शंभर मीटर जातो, त्याच्यापुढे ही गोगलगाय. पण गोगलगाय सगळीकडे पोचत होती ना!

आता दाहाकडे. समजा डोक्याला मार लागला आणि काही पेशी फाटल्या. पेशीच्या आत एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, भरपूर असतं, बाहेर जवळजवळ नसतंच, त्यामुळे बाहेर एटीपी सापडलं याचा अर्थ कोणीतरी फुटलंय. शेजारच्या ॲस्ट्रोसाइटच्या अंगावर एटीपी ओळखणारे रिसेप्टर असतात, त्यांना एटीपी लागलं की आत आयपी३ नावाचा छोटा रेणू तयार होतो, तो एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम म्हणजे पेशीतली कॅल्शियमची टाकी, तिच्या झडपा उघडतो आणि कॅल्शियम भस्सकन बाहेर येतं. लगेच पंप ते परत टाकीत भरायला लागतात. टाकी फारच रिकामी झाली तर स्टिम नावाचं प्रथिन, जे टाकीत किती उरलंय यावर नजर ठेवून असतं, ते बाहेरच्या भिंतीतली ओराय नावाची दारं उघडायला लावतं आणि बाहेरून भरणा होतो. इकडे उजळलेली ॲस्ट्रोसाइट स्वतःसुद्धा थोडं एटीपी सोडते, शिवाय शेजारणींना जोडणाऱ्या कनेक्सिनच्या नळ्यांतून आयपी३ पलीकडे जातं, आणि लाट पुढे सरकते. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या पहारेकरी पेशी, त्या एटीपीच्या वासावर काही मिनिटांत आपल्या फांद्या जखमेकडे वळवतात.

इथपर्यंत सगळं चांगलंच चाललंय, हे लक्षात घ्या. बाहेरचं एटीपी एन्झाइम तोडून टाकतात, कॅल्शियम टाकीत परत जातं, काम संपलं.

बिघडतं ते एटीपी येतच राहिलं की. मायक्रोग्लियाच्या अंगावर पी२एक्स७ नावाचं एक दार असतं, ते थोड्याथोडक्या एटीपीला दाद देत नाही, भरपूर असेल तरच उघडतं. ते उघडलं की पोटॅशियम बाहेर पळतं आणि त्यातून एनएलआरपी३ नावाची यंत्रणा जागी होऊन आयएल-१ बीटा बाहेर पडतं. हे आयएल-१ ॲस्ट्रोसाइटला लागलं की तिच्यात एनएफ-कप्पा-बी हा दाहाची जनुकं चालू करणारा स्विच चालू होतो, ती आयएल-६ आणि बाहेरच्या पांढऱ्या पेशींना बोलावणारी सीसीएल२ सारखी रसायनं सोडते, आणि तिच्या अंगावरच्या अर्ध्या कनेक्सिन नळ्या, ज्या शेजारणीला न जुळता बाहेरच उघडतात, त्यांतून आणखी एटीपी गळतं. ते एटीपी परत पी२एक्स७ ला. झालं ना चक्र? ज्याने धोक्याची घंटा वाजवायची तोच आता धोका तयार करतोय.

त्यातच कॅल्शियम बराच वेळ वर राहिलं की कॅल्सिन्यूरिन नावाचं एन्झाइम जागं होतं, ते एनएफएटी या प्रथिनावरचा फॉस्फेट काढतं, एनएफएटी केंद्रकात जातं आणि दाहाची जनुकं चालू करतं. हेच एनएफएटी ॲस्ट्रोसाइटचं सगळ्यात महत्त्वाचं रोजचं काम मंद करतं, ते म्हणजे न्यूरॉनच्या आजूबाजूला सांडलेलं ग्लुटामेट उचलणं. ग्लुटामेट तसंच पडून राहिलं की न्यूरॉन उत्तेजित होत राहतात आणि शेवटी दमून मरतात. मला विचाराल तर दाहात न्यूरॉनला जितकं नुकसान विषारी रसायनांनी होतं तितकंच या न केलेल्या कामाने होत असावं.

म्हणून माझं ते वाक्य चुकीचं. कॅल्शियम वाढलं म्हणून दाह, असं सरळ नाही. किती वेळ वर राहिलं, किती वेळा वर-खाली झालं, पेशीच्या कुठल्या कोपऱ्यात झालं, यावर ठरतं. १९९० च्या दशकात रक्तातल्या प्रतिकारपेशींवर हे फार सुंदर दाखवलं गेलं, कॅल्शियमचे ठोके विरळ दिले तर एनएफ-कप्पा-बी एकटाच जागा होतो, ठोके भरभर दिले तर एनएफएटीसुद्धा उठतं. निरोप तोच, ठेका वेगळा.

प्रश्न: मॅम, मी एमएस्सीला आहे. ॲस्ट्रोसाइट कल्चरमध्ये (डिशमध्ये वाढवलेल्या पेशींत) एलपीएस, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला पदार्थ, टाकून दाह करायचा आणि कॅल्शियम बघायचं असा प्रोजेक्ट आहे. पण माझ्या कंट्रोलमध्येपण, म्हणजे एलपीएस न टाकलेल्या डिशमध्येपण, पेशी उजळतात! गाइड म्हणतात हात नीट नाही.

गाइड अर्धे बरोबर आहेत. हात नीट नाही म्हणजे नक्की काय ते त्यांनी सांगायला हवं होतं.

पिपेटने द्रव सोडताना जो धक्का बसतो ना, तेवढ्यानेच ॲस्ट्रोसाइट एटीपी सोडतात आणि लाट सुरू होते. तू काय टाकलंस याला अर्थच नाही, नुसतं बफर टाकलं तरी उजळणार. मी स्वतः यात तीन आठवडे घालवलेत, एक औषध भारी काम करतंय असं समजून टिपणंसुद्धा लिहून काढली होती, आणि मग एका सिनियरने शांतपणे विचारलं की औषधाशिवाय नुसतं पाणी टाकून बघितलंस का. नव्हतं बघितलं. त्या दिवशी जेवले नाही मी. तर उपाय असा की द्रव डिशच्या कडेने अगदी हळू सोडायचा किंवा सतत संथ वाहता ठेवायचा, टाकल्यावर थांबायचं, आणि दर वेळी नुसत्या बफरचा कंट्रोल घ्यायचाच. सीरम आधी धुऊन टाक, त्यातल्या लायसोफॉस्फॅटिडिक ॲसिडने पेशी उजळतात. जमलं तर एटीपी तोडणारं एपायरेज टाकून बघ, उजळणं थांबलं तर चोर सापडला.

आता मोठी गोष्ट. तुझ्या पेशी उंदराच्या की माणसाच्या? कारण एलपीएसला माणसाच्या ॲस्ट्रोसाइट फारशी दादच देत नाहीत, त्यांना आयएल-१ बीटा लागतं. आणि उंदराच्या कल्चरमध्ये एलपीएसने जे झालेलं दिसतं त्यात पुष्कळदा चुकून राहिलेल्या मूठभर मायक्रोग्लियांचा हात असतो, एलपीएस त्या ओळखतात आणि त्यांनी सोडलेल्या आयएल-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू या तिघांमुळे ॲस्ट्रोसाइट बदलतात. हे २०१७ मध्ये नीट दाखवलं गेलं. तेव्हा त्या बदललेल्या पेशींना ए१ आणि चांगल्यांना ए२ म्हणायची पद्धत पडली, पण २०२१ मध्ये या विषयातल्या बऱ्याच लोकांनी मिळून लिहिलं की असे दोनच कप्पे करू नका. तू थिसिसमध्ये ए१ लिहिलंस तर व्हायवाला कोणीतरी पकडणार, आत्ताच सांगून ठेवते.

माणूस-उंदीर फरक दिसायलासुद्धा आहे. एपिलेप्सीच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या मेंदूच्या तुकड्यांवरून २००९ मध्ये मोजलं गेलं की माणसाची नेहमीची ॲस्ट्रोसाइट उंदराच्या तुलनेत व्यासाने अडीचपटीहून मोठी, मुख्य फांद्या दहापट, आणि एकीच्या हद्दीत वीस लाखांपर्यंत सिनॅप्स, म्हणजे न्यूरॉनमधले जोड, येतात. कॅल्शियमची लाटही साधारण चौपट वेगाने जाते. त्यामुळे उंदरात दिसलं म्हणून माणसात आहेच असं लिहू नकोस. हल्ली त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींना मागे नेऊन आयपीएस पेशी करतात आणि त्यांच्यापासून माणसाच्या ॲस्ट्रोसाइट बनवतात, तुमच्या लॅबमध्ये सोय असेल तर विचारून बघ. वेळ फार लागतो त्याला, एमएस्सीच्या मुदतीत बसेल का हा वेगळा प्रश्न.

प्रश्न: मी बीपीसाठी ॲम्लोडिपिन घेतो, ते कॅल्शियम चॅनल ब्लॉकर आहे म्हणतात. म्हणजे माझ्या मेंदूतला दाह आपोआप कमी होत असेल ना?

सुतावरून स्वर्ग गाठलात! ॲम्लोडिपिन अडवतं ते रक्तवाहिन्यांच्या स्नायूतलं, व्होल्टेजवर उघडणारं दार. वर सांगितलेली ॲस्ट्रोसाइटची टाकी आणि आयपी३ च्या झडपा यांना ते हात लावत नाही, शिवाय मेंदूत फारसं शिरतही नाही. बीपी आटोक्यात राहिलं तर मेंदूचा फायदा होतोच, पण तो रक्तवाहिन्यांमार्फत.

याच गटातलं इस्राडिपिन मेंदूत शिरतं आणि त्याने पार्किन्सन्स मंदावेल अशी मोठी आशा होती, न्यूरॉनमधल्या कॅल्शियमवरून. तीनशेहून जास्त रुग्णांवर तीन वर्षं चाचणी चालली, २०२० मध्ये निकाल छापून आला, काही उपयोग दिसला नाही.

कॅल्सिन्यूरिन अडवणारी औषधं तर केव्हापासून आहेत, टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन, किडनी-लिव्हर बदललेल्या लोकांना देतात. अशा रुग्णांत स्मृतिभ्रंश कमी दिसला असं एक निरीक्षण आहे, ते वाचून एका वाचकाने लगेच विचारलंय की मग सगळ्यांना का देत नाहीत. कारण ती सगळ्या शरीराची प्रतिकारशक्ती दाबतात, किडनी बिघडवतात, हात थरथरायला लागतात, आणि ज्यांचं अवयव-प्रत्यारोपण झालंय ते लोक इतर अनेक बाबतींत वेगळे असतात, त्यामुळे नुसत्या निरीक्षणावरून उडी मारता येत नाही.

आणि समजा फक्त ॲस्ट्रोसाइटमधलंच कॅल्शियम अडवणारं औषध मिळालं, तरी अडवायचं किती? टाकीची मुख्य झडपच नसलेले उंदीर शास्त्रज्ञांनी तयार केलेत, ते छान हिंडतात-फिरतात, आणि त्यांच्या ॲस्ट्रोसाइटच्या बारीक फांद्यांत तरीही कॅल्शियम लुकलुकतच असतं, कुठून तरी बाहेरून येतं ते. म्हणजे एक नळ बंद करून भागत नाही. बरं, टाकी मुद्दाम कोरडी ठेवली तरी पंचाईत, कारण तिथे प्रथिनांच्या घड्या पडतात, कॅल्शियम नसलं की घड्या चुकतात आणि त्या ताणातूनच दाह सुरू होतो. आगीतून फुफाट्यात.

प्रश्न: ॲस्ट्रोसाइटचं काय चाललंय हे कळणारी एखादी रक्ततपासणी आहे का?

आहे, पण तुम्हाला हवी तशी नाही. जीएफएपी हे ॲस्ट्रोसाइटच्या सांगाड्यातलं प्रथिन, पेशी दुखावल्या की थोडं रक्तात येतं. अमेरिकेत २०१८ मध्ये जीएफएपी आणि यूसीएच-एल१ मिळून एक तपासणी मंजूर झाली, डोक्याला सौम्य मार लागलेल्या माणसाला सीटी स्कॅनची गरज आहे का एवढंच ती सांगते. एस१००बी हे दुसरं, कॅल्शियमला धरून ठेवणारं प्रथिन, युरोपात काही ठिकाणी याच कामाला वापरतात, पण ते चरबीच्या पेशींतही असतं, त्यामुळे डोकं सोडून बाकी अंगाला मार लागला तरी वाढतं. पेशीच्या आतला कॅल्शियमचा ठेका रक्तात उतरत नाही, त्यामुळे तो कुठल्याच रिपोर्टवर छापून येणार नाही. कोणी पॅकेजमध्ये 'ब्रेन कॅल्शियम' म्हणून काही लावलं असेल तर ते साधं रक्तातलं कॅल्शियमच असणार, तेवढं विचारून घ्या.